चेलोवर पट्ट्या का लावत नाही?

“तुमच्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या चेलोवर पट्ट्या का नसतात?” हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी पालक विचारतातच, आणि त्यामागची काळजी मला समजते. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले मोठे वाद्य. त्याला गिटारसारखे, बोट कुठे ठेवायचे ते दाखवणारे पडदे नसतात, म्हणून बरेच शिक्षक पहिल्याच तासाला फिंगरबोर्डवर (तारांखालच्या, बोटे ठेवायच्या फळीवर) तीन-चार रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावून देतात. मग तिथे जाणारे शेजारचे मूल महिन्याभरात एखादी धून वाजवते आणि आपले मूल अजून मोकळ्या तारांवरच बो (गज) ओढत बसलेले दिसते.

मी स्वतः पट्ट्यांवरच शिकले. अर्ध्या मापाचा चेलो जाऊन पाऊण मापाचा आला, तेव्हा त्यावर पट्ट्या नव्हत्या, आणि दोन वर्षे रोज वाजवलेली धून मला त्यावर सुरुवातीपासून चाचपडत शोधावी लागली.

माझ्या घरी पहिले काही आठवडे असे जातात. चेलोच्या चार तारांना जाडीकडून बारीककडे सी, जी, डी आणि ए म्हणतात. तानपुऱ्याचे ॲप पांढरी दोन या पट्टीत लावायचे, म्हणजे चेलोची डी तार ‘सा’ होते. विद्यार्थ्याने आधी सा, रे, ग, म गायचे आणि मगच बोट ठेवायचे: पहिल्या बोटाने रे, तिसऱ्याने ग, चौथ्याने म. मध्यम, म्हणजे म, मी मुद्दाम लवकर शिकवते, कारण तो स्वतःची परीक्षा स्वतःच घेतो. डी तारेवरचा मध्यम अचूक लागला, तर एका सप्तकाने खालची जी तार कोणी न छेडता थरथरू लागते. बोट थोडे जरी वरखाली झाले, तरी ती गप्प राहते. ही थरथर डोळ्यांनाही दिसते. सहा-सात वर्षांच्या मुलाला ही चक्क जादू वाटते आणि ते बोट सरकवत सरकवत ती पुन्हा शोधते, जे मी दहा वेळा “सूर बघ” म्हणूनही झाले नसते.

रिषभाची, म्हणजे रे या सुराची, गोष्ट अधिक अवघड आहे आणि पट्टीविरुद्धचा माझा खरा आक्षेप तिथेच आहे. शेजारच्या मोकळ्या ए तारेशी, म्हणजे पंचमाशी, जुळवून लावलेला रिषभ आणि खालच्या जी तारेशी, म्हणजे मंद्र (खालच्या सप्तकातल्या) मध्यमाशी, जुळवून लावलेला रिषभ हे दोन वेगळे सूर आहेत. त्यांच्यात एका श्रुतीचा, म्हणजे सुरांमधल्या अगदी बारीक अंतराचा, फरक पडतो. पूर्ण मापाच्या चेलोची मोकळी तार सुमारे ६९ सेंटिमीटर असल्यामुळे हा फरक तारेवर जवळजवळ पाऊण सेंटिमीटर भरतो. मग पट्टी या दोहोंपैकी कुठे चिकटवायची? आपल्याकडे सारंगी किंवा व्हायोलिन शिकवणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. रागाप्रमाणे सूर किंचित चढा किंवा उतरा लावणे ते कानानेच शिकवत आले आहेत.

शरीराचेही एक कारण आहे. चेलोची मान वादकाच्या डाव्या कानाजवळून वर जाते, त्यामुळे पट्टी पाहायला मूल मान वळवून वाकते, डावा खांदा उचलतो आणि उजव्या हातातला बो नकळत फिंगरबोर्डकडे घसरत जातो. आवाज पातळ होतो, आणि पालकांना वाटते की वाद्यच हलके घेतले.

जपानचे शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी मूल मातृभाषा शिकते तसे, आधी भरपूर ऐकून, वाद्य शिकावे असे मांडले. त्यांच्या पद्धतीने चालणाऱ्या वर्गांतही पट्ट्या सर्रास दिसतात, आणि त्या शिक्षकांना मी चूक म्हणणार नाही: एका खोलीत दहा मुले असतील, तर प्रत्येकाची जी तार थरथरेपर्यंत थांबता येत नाही. मी एका वेळी एकालाच शिकवते, म्हणून मला ही चैन परवडते.

तरीही मी पूर्ण सोवळी नाही. अगदी लहान मुलांसाठी चेलोच्या मानेमागे, अंगठा टेकतो तिथे, कापडी पट्टीचा एक छोटा तुकडा लावते. तो डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला मात्र लागतो. दुसरीकडून पट्ट्या लावून आलेल्या मुलांच्या पट्ट्याही मी एकदम खरवडून टाकत नाही. आधी चौथ्या बोटाची काढते, कारण तिथे मदतीला जी तार असते. मग तिसऱ्याची. पहिल्या बोटाची पट्टी तशीच राहू देते. ती घामाने आणि सरावाने सुटत जाते आणि एके दिवशी कोपऱ्यात केर काढताना मला सापडते.