तुम्ही विचारलंत म्हणून: तोंडाला काय लावलं होतं मी?

कोल्हापुरात राजारामपुरीत मी आठवी ते दहावीचे क्लास घेते, आणि पोरांना सोडायला येणाऱ्या आयांपैकी कुणीतरी महिन्यातून एकदा तरी विचारतंच, मॅडम तुमचा तो कॉलेजचा फोटो बघितला, तोंडाभोवती केवढं होतं, आता एक डाग नाही, काय लावलं होतं सांगा की. गेल्या आठवड्यात दोघींनी विचारलं म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

तो फोटो रंकाळ्यावरचा आहे, 2012 चा, बारावीचं वर्ष. त्यात मी स्कार्फ काढलाय हेच नवल, कारण तेव्हा दोन वर्षं मी स्कार्फमध्येच राहत होते. स्कूटीवर सगळ्याच पोरी बांधतात पण मी गाडीवरून उतरल्यावरही सोडायची नाही. खासबागेत भेळ खाताना स्कार्फ नाकापर्यंत वर करून खालून चमचा आत घालायचा ही कला मला येत होती. आणि तोच स्कार्फ आठवडा आठवडा न धुता, घामेजलेला, दिवसभर हनुवटीवर घासत होता हे डोक्यातच आलं नाही कधी.

सुरुवात साध्या मुरमांनी झाली, पंधराव्या वर्षी, सगळ्यांना येतात तशी. कपाळावर, नाकावर काळे ठिपके आणि हनुवटीवर दोन-चार फोड. घरी मग प्रयोगशाळा. आईचं बेसन-हळद, आज्जीचं सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ, मावशीचं लिंबू (लिंबू लावून उन्हात क्रिकेट बघायला बसले होते, त्याचं वर्णन नको), रात्री फोडावर टूथपेस्टचा ठिपका. शिवाय पोटात उष्णता झालीय म्हणून रविवारी सगळे तांबडा-पांढरा ओरपत असताना माझ्या पुढ्यात सब्जाचं पाणी. हे सगळं करून मुरमं होती तशीच राहिली आणि कातडी मात्र चिडली.

खरा घोटाळा पुढे झाला. आत्तीनं एक ट्यूब आणून दिली, मेडिकलवाल्यानंच दिलेली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, खाज-नायटा-गजकर्ण सगळ्यावर चालणारी. लावली आणि दोन दिवसांत लाली गायब. घरात आत्तीचा जयजयकार. आठवड्यानं बंद केली की परत लाल, परत लावली की परत छान, असं करत करत आठ-नऊ महिने गेले आणि तोवर तोंडाभोवती वेगळंच काहीतरी उगवलं होतं. एकसारखे बारीक लाल दाणे, रव्यासारखे, हनुवटीवर, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना, नाकाच्या कडेपर्यंत. खाज कमी, आग जास्त. गरम चहाची वाफ लागली तरी चरचरायचं, आणि हसलं की कातडीचे पापुद्रे निघायचे.

शेवटी आई सीपीआरला, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. केसपेपर काढला, स्किन ओपीडीची लाईन, दीड तास. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, काय काय लावतेस? मी म्हटलं, "काय नाही हो, नुसतं क्रीम लावतो." (आम्ही कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतो, मी येतो, मी जातो.) त्या म्हणाल्या, नुसतं क्रीम म्हणजे कुठलं, दाखव. नशिबानं ट्यूब पर्समध्येच होती. त्यांनी मागचं बारीक अक्षर वाचलं आणि आरसा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, ओठाच्या अगदी कडेला बघ. बघितलं तर ओठाला लागून सुतळीएवढी पट्टी एकदम कोरी, तिथं एकही दाणा नाही, आणि पट्टी संपली की बाहेर लाल रान. दोन वर्षं रोज आरशात तोंड बघत होते पण ही पट्टी कधी दिसली नव्हती. ह्याला पेरिओरल डर्मटायटिस म्हणतात, मुरमं वेगळी आणि हे वेगळं. मुरमांत काळे-पांढरे ठिपके दिसतात, तेलाची छिद्रं बुजलेली असतात. ह्या दाण्यांत ते ठिपके नसतात. मला मुरमं पण होती आणि त्यांच्यावर हे चढलेलं.

कारण ट्यूबमध्येच होतं. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोडीला तगडं स्टेरॉइड. स्टेरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात, सूज दबते, म्हणून दोन दिवसांत गोरंगोमटं दिसतं. पण चेहऱ्यावर महिनोनमहिने लावलं की कातडी पातळ होते, आणि बंद केलं की दुप्पट उसळतं, मग माणूस परत तीच ट्यूब शोधतो. 2018 मध्ये सरकारनं ही स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती घराघरातल्या फ्रीजच्या दारात आजही दिसतात, मी स्वतः बघितलीयत.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की मी लावणं बंद केलं. ट्यूब बंद, बेसन बंद, फेअरनेस क्रीम बंद, साधं पाणी आणि एक बिनवासाचं मॉइश्चरायझर, बास. टूथपेस्ट पण साधी घ्यायला सांगितली, आणि ब्रश झाल्यावर हनुवटीवरचा फेस नीट धुवायचा. आधी बिघडेल, मग सुधरेल, असं मॅडमनी आधीच बजावलं होतं म्हणून बरं, कारण पहिले दोन आठवडे अक्षरशः भाजल्यासारखं तोंड झालं आणि त्यातच प्रॅक्टिकल परीक्षा. आत्ती रोज म्हणायची, थोडीशी लाव गं, परीक्षेपुरती. मी बाथरूममध्ये रडायचे पण लावली नाही.

सोबत डॉक्सिसायक्लिन ह्या अँटिबायोटिकच्या गोळ्या होत्या, सहा आठवडे. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात जपायचं आणि दुधाबरोबर घ्यायची नाही, कारण दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं. इथं आबा आडवे आले. आमचे आबा रोज संध्याकाळी गंगावेशीला जाऊन डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून घेणार आणि पहिला पेला माझा. गोळीच्या आगेमागे दोन तास दूध नको म्हटल्यावर त्यांना वाटलं मॅडमनी दुधालाच नावं ठेवली. "अख्ख्या तालमीतली पोरं ह्या दुधावर पैलवान झाल्यात, फोड आल्यात व्हय कुणाला?" असं म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. मग गोळी सकाळी आणि दूध संध्याकाळी असा तह झाला.

दाणे जायला अडीच महिने लागले. मागं उरली ती मूळची मुरमं, त्यांना रात्री अॅडापलिनचं (बुजलेली छिद्रं मोकळी करणारं) जेल, मटाराच्या दाण्याएवढं सगळ्या चेहऱ्याला मिळून, आणि सकाळी अडीच टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड, हे मुरमांचे जंतू मारणारं औषध, ज्यानं आईच्या निळ्या टॉवेलवर पांढरे ढग उमटवले आणि मी शिव्या खाल्ल्या. ह्यालाही दोन-तीन महिने द्यावे लागतात. बहुतेक पोरं तिसऱ्या आठवड्यात सोडतात, क्लासमध्ये बघते ना मी. स्कार्फ रोज धुवायला लागले तेही तेव्हाच.

पण माझंच औषध तुमच्या पोरीला द्या असं मी म्हणत नाहीये. हनुवटी-जबड्यावर खोल, दुखणारे फोड असतील, पाळी पुढंमागं होत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएस (हार्मोनचा बिघाड) आहे का बघावं लागतं, तिथं माझी गोष्ट लागू नाही.

परवा एक आई हे सगळं उभ्या उभ्या ऐकून घेऊन पर्समधनं ट्यूब काढून म्हणाली, हीच का हो? चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं तर क्लोबेटासॉल, म्हणजे तगडं स्टेरॉइडच. ती लगेच कचऱ्याच्या डब्याकडे वळली. म्हटलं टाकू नका, डॉक्टरांकडे जाताना बरोबर घेऊन जा, त्यांना दाखवायला लागेल. तिनं ट्यूब परत पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, "मग तोवर काय लावू?"