साईटस्क्रीन साडेबारा फूट का लागते

गेल्या डिसेंबरात आमच्या तालुक्याच्या ग्राउंडवर पुतण्याला बॉल लागला, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. पोरगं सोळा वर्षांचं, ओपनिंगला जातं, टेक्निक चांगलंय. शॉर्ट बॉल होता पण फार काही फास्ट नव्हता, एरवी आरामात सोडला असता त्यानं. तो थेट हेल्मेटच्या जाळीवर बसला आणि जाळी आत वाकून गालाला टेकली. मी पळत गेलो, पाणी दिलं, विचारलं काय झालं रे, तर म्हणाला, "काका, बॉल हातातनं सुटताना दिसलाच नाही. टप्पा पडल्यावर दिसला."

आता आमचं ग्राउंड कसंय बघा. मॅटिंग विकेट, एका एन्डला कॉलेजची बिल्डिंग, दुसऱ्या एन्डला बाउंड्रीच्या मागं लगेच रस्ता. रस्त्याला झाडं, टपरी, उभ्या गाड्या आणि दर दहा मिनिटाला एसटी. बॉलरचा हात वर येतो नेमका तेव्हाच मागनं लालपरी गेली तर लाल बॉल त्या लाल रंगात विरघळून जातो, अक्षरशः. त्या दिवशी एसटी नव्हती, पण टपरीपाशी घोळका होता आणि मॅच बघणारी पोरं स्टम्पच्या बरोब्बर लाईनीत इकडनं तिकडं फिरत होती. साईटस्क्रीन, म्हणजे बॉल नीट दिसावा म्हणून बॉलरच्या मागं बाउंड्रीपाशी उभा केलेला मोठा कोरा पडदा, ही गोष्ट आमच्याकडं नव्हतीच, दोन्ही एन्डला नाही.

टीव्हीवर आपण कधी लक्षच देत नाही तिच्याकडं. टेस्टला लाल बॉल म्हणून पांढरी स्क्रीन, वनडे-ट्वेंटी२०ला पांढरा बॉल म्हणून काळी. 1992 च्या वर्ल्डकपला रंगीत कपडे आले, पांढरा बॉल आला, त्याच्यासोबत ही काळी स्क्रीनपण आली. 140 च्या स्पीडचा बॉल हातातनं सुटल्यापासून बॅट्समनपर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो, आणि त्यातला पहिला तुकडा म्हणजे हात, मनगट, शिवण, बॉल कुठनं सुटला, हे सगळं मागच्या त्या कोऱ्या पडद्यावरच दिसतं. तो पडदा काढून घ्या, मोठ्यातला मोठा बॅट्समन पण अंदाजानं खेळायला लागेल. म्हणून स्क्रीनपाशी कुणी हललं की बॅट्समन लगेच हात वर करून बॉलरला थांबवतो. लोकांना वाटतं नखरे करतोय. अजिबात नाही, त्या माणसाला बॉल दिसत नसतो.

तर आम्ही ठरवलं आपणच करायची. मंडपवाल्याकडनं वासे आणले, पांढरं कापड ताणलं, सुतळीनं बांधलं, आठ फूट उंच. दिसायला झकास. पुतण्या गार्ड घेऊन उभा राहिला आणि म्हणतो, काका, बॉलरचं अंग दिसतंय स्क्रीनवर, पण हात वरती झाडातच जातोय. मी स्वतः उभा राहिलो, खरंच तसं.

मग कागदावर हिशोब मांडला. स्टान्समध्ये डोळा धरा पाच फुटावर, बॉल सुटतो साधारण साडेसातवर, म्हणजे बॅट्समनपासून बॉलरपर्यंतच्या साठ फुटात नजर अडीच फूट वर चढते. आमची स्क्रीन बॅट्समनपासून 180 फुटावर, म्हणजे तीनदा अडीच, साडेसात फूट चढ. पाच अधिक साडेसात, साडेबारा! मोठ्या ग्राउंडवर बाउंड्री अजून लांब, तिथं हा आकडा पंधराच्या वर जातो. रुंदीचं पण तसंच, बॉलर स्टम्पच्या एका बाजूनं टाकतो (ओव्हर द विकेट) तेव्हा हात मधल्या लाईनीच्या तीन फूट एका बाजूला, दुसऱ्या बाजूनं टाकतो (राउंड) तेव्हा तीन फूट दुसऱ्या बाजूला, ते स्क्रीनपाशी तिप्पट होऊन नऊ आणि नऊ. म्हणून स्क्रीनला सरकवायला चाकं असतात, नाहीतर ती रुंद तरी लागते. आम्ही वीस फूट केली, चाकांची भानगडच नको.

पण एवढं मोठं कापड म्हणजे शिडाची होडीच की हो, पहिल्याच वाऱ्यात दोन वासे उपटून आडवी. शेवटी नर्सरीला वापरतात ती पांढरी शेडनेट आणली आणि डबल लावली, कारण एकेरी जाळीतनं मागचा रस्ता दिसत होता. वारा आरपार जातो. चमकणारं फ्लेक्स चुकूनही लावू नका, दुपारचं ऊन त्याच्यावरनं थेट डोळ्यात येतं.

उन्हाचं म्हणाल तर तिथं स्क्रीनचाही इलाज चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये नेपियरला आपली न्यूझीलंडशी वनडे होती, आपली बॅटिंग चालू असताना मावळतीचं ऊन डोळ्यात येतंय म्हणून मॅच थांबवली होती, आठवत असेल. तिथली पिच पूर्व-पश्चिम आहे. आपल्याकडं नवीन ग्राउंड करताना पिच उत्तर-दक्षिण टाका म्हणून कुणी सांगितलं तर त्याचं ऐका, नंतर फिरवता येत नाही.

मला खरंच राग येतो तो एका गोष्टीचा. टूर्नामेंटला माणसाएवढी ट्रॉफी येते, डीजे येतो, पाहुण्यांचा स्टेज येतो, आणि सीझन बॉलनं खेळणाऱ्या पोरांच्या समोर पांढरा पडदा नसतो. हेल्मेट नसेल तर आपण पोराला आत सोडत नाही ना? मग हे पण त्याच यादीतलं आहे. आमची अख्खी स्क्रीन मॅन ऑफ द सिरीजच्या सायकलीपेक्षा स्वस्तात झाली.

पुतण्याचा गाल बरा झाला. नवीन स्क्रीनसमोर पहिल्यांदा नेटसारखं अर्धा तास खेळवला त्याला, सुरुवातीला मागंमागं सरकत होता, मग हळूहळू पुढं पाय टाकायला लागला. मध्येच ओरडला, "काका, शिवण दिसतीय!" पलीकडनं एसटी गेली तेव्हा, पण त्याला कळलीसुद्धा नाही.

कॉलेजच्या एन्डचं काम बाकी आहे. तिथं बिल्डिंगच्या खिडक्या मागं येतात, जाळी बांधायला परवानगीचा अर्ज दिलाय. वासे आणून ठेवलेत, यावेळी आधी टेपनं मोजून कापलेत.