आजचा दिवस 'गेट इट ऑन'चा

टी. रेक्स या ब्रिटिश रॉक बँडचं १९७१ चं 'गेट इट ऑन' आज हेडफोन लावून नीट ऐकलं. काय बांधलंय हे गाणं! गिटारची चाल ई कॉर्डवरची, थेट अमेरिकन रॉक अँड रोल गिटारवादक चक बेरीच्या घराण्यातली. वाजवताना वेग वाढवला की तिची मजाच जाते. बँडचा गायक-गिटारवादक मार्क बोलन ती निवांत, ठेक्याला रेलून वाजवतो. पियानोवर सर्रकन घसरणारी बोटं रिक वेकमनची. मागचे उंच आवाज व्होलमन आणि केलन या जोडीचे.

ब्रिटनमध्ये ४ आठवडे पहिल्या क्रमांकावर. अमेरिकेत चेस या बँडचं याच नावाचं गाणं आधीच होतं, म्हणून तिथे 'बँग अ गाँग' हे शब्द नावाच्या सुरुवातीला जोडले. १९७२ मध्ये ते १० व्या क्रमांकापर्यंत पोचलं. अमेरिकेने बोलनला एवढंच यश दिलं, याचं खरंच वाईट वाटतं.