प्रश्न समजून घेण्यातच निम्मं काम झालं: डिझाइन थिंकिंगचा माझा अनुभव

आमच्या टीमकडे काम आलं तेच उत्तरासकट. रक्तदाबाचे रुग्ण औषध सुरू झालं की फेरतपासणीला फिरकत नाहीत, तेव्हा त्यांना आठवण करून देणारं ॲप बनवा, असं रुग्णालयाच्या प्रशासनाचं म्हणणं होतं. आमच्यातल्या एका मैत्रिणीने हट्टच धरला की आधी डिझाइन थिंकिंगच्या पद्धतीने, म्हणजे उपायाकडे वळण्याआधी ज्यांची अडचण आहे त्या माणसांकडूनच, प्रश्न नीट समजून घेऊ. मी जरा नाखुशीनेच मान डोलावली. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, फोटो काढायचे आणि घरी जायचं, अशा कार्यशाळा भरपूर पाहिल्या होत्या.

प्रशासनाला पटवताना ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलची ‘डबल डायमंड’ ही आकृती कामी आली. शेजारी-शेजारी दोन चौकटी. दोन्हींत आधी पसरायचं, म्हणजे शक्यता गोळा करायच्या, मग आवरायचं, म्हणजे त्यातून निवड करायची. पण पहिली अख्खी चौकट फक्त प्रश्नासाठी, उपायाचा विषय दुसरीत. निम्मा वेळ प्रश्नालाच द्यायचा असतो, हे चित्र पाहून त्यांनी मान्य केलं.

मग मुलाखती. “फेरतपासणीला का येत नाही?” असं विचारलं की “विसरलो” किंवा “वेळ नव्हता”, एवढंच. माणसं समोरच्याला न दुखावणारं उत्तर देतात. मैत्रिणीने प्रश्नच बदलला: “मागच्या वेळी इथून बाहेर पडलात, तिथपासून काय काय झालं ते सांगा.” आणि लोक बोलू लागले. एका काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. पुढची तारीख डॉक्टरांनी कोपऱ्यात लिहिली होती, आणि नेमकं त्यावरच औषधाचं बिल स्टेपल केलेलं. काका विसरले नव्हते, त्यांना तारीख दिसलीच नव्हती. एका आजींना मात्र तारीख तोंडपाठ होती. “बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या थांबवल्या रे बाळा. आता गेले तर डॉक्टर ओरडतील.” या आजींना मोबाइलवर आठवण पाठवून काय साधणार होतं?

ओपीडीत नुसतं उभं राहून पाहण्याचा फायदा तर मुलाखतींहून जास्त झाला, असं माझं मत आहे. नवे आणि जुने रुग्ण एकाच रांगेत. ज्याचा फक्त रक्तदाब मोजायचा तोही दुपारपर्यंत बाकावर, म्हणजे त्याची दिवसाची मजुरी गेली.

चिठ्ठ्या शेवटी आल्याच. पण जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्या नोंदींचे गट लावायच्या पद्धतीत एक पथ्य आहे: मथळे आधी ठरवायचे नाहीत, जवळच्या वाटणाऱ्या नोंदी एकत्र येऊ द्यायच्या आणि मग गटाला नाव द्यायचं. ‘रुग्ण’, ‘डॉक्टर’, ‘यंत्रणा’ असे तयार कप्पे केले असते तर आजींची भीती ‘रुग्ण’मध्ये आणि डॉक्टरांची घाई ‘डॉक्टर’मध्ये जाऊन पडली असती. इथे दोन्ही चिठ्ठ्या शेजारी आल्या. तेव्हा कुठे प्रश्नाची मांडणी बदलली: औषध मध्येच सोडलेल्या माणसाला परत यायला संकोच वाटू नये, अशी भेट कशी असावी?

हे सिस्टरना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “सगळे खरंच आले तर बसवायचे कुठे?” निम्मे लोक येत नाहीत म्हणूनच ओपीडी कशीबशी उरकत होती! डिझाइन आणि नियोजनाचे अभ्यासक होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी 1973 मध्ये अशा गुंतागुंतीच्या सामाजिक प्रश्नांबद्दल लिहिलं होतं की त्यांची अंतिम मांडणी होत नाही, उत्तरं बरोबर-चूक नसून बरी-वाईट असतात, आणि प्रत्येक प्रश्न दुसऱ्या एखाद्या प्रश्नाचं लक्षण मानता येतो. सिस्टरनी हे सगळं एका वाक्यात सांगून टाकलं.

उपाय करून पाहायचे नमुने मुद्दाम स्वस्तातले केले. तारखेचं वेगळं रंगीत कार्ड दिलं, तर औषधाच्या दुकानात बिल त्यालाच स्टेपल करू लागले! मग जाड पुठ्ठ्याचं केलं. “गोळ्या चुकवल्या का?” याऐवजी “कोणत्या गोळ्या घ्यायला अवघड जातात?” असं विचारून पाहिलं. काही डॉक्टरांना ते नाटकी वाटलं, पण रुग्ण खरं सांगू लागले. नुसत्या रक्तदाबासाठी वेगळं टेबल मांडलं, ते सकाळी झकास चालतं. दुपारी तिथल्या सिस्टरना वॉर्डात बोलावतात आणि टेबल बंद पडतं. माणसं समजून घेणं, प्रश्न मांडणं, कल्पना, नमुना आणि चाचणी हे डिझाइन थिंकिंगचे पाच टप्पे एकामागून एक पार पडतात असं त्याच्या नेहमीच्या आकृतीत दिसतं, पण चाचणीला पोहोचलेले आम्ही पुन्हा पहिल्या टप्प्यावर आलो आहोत. दुपारच्या ड्यूट्या कोण लावतं, कशाच्या आधारावर लावतं, हे पाहायला आता मेट्रनबाईंसोबत बसायचं ठरलंय.