आमची वाटचाल : गच्ची, कोबा आणि एक उंबरा

वडील गवंडी. डोंबिवलीतल्या कितीतरी चार मजली सोसायट्यांच्या गच्च्यांवर त्यांच्या हातचा कोबा, म्हणजे पाणी मुरू न देणारा जाड थर, आहे. विटांचे तुकडे उतारात बसवायचे, सिमेंटचा मसाला भरायचा, कडेला भिंतीच्या सांध्यात गोलाई काढायची, वर दोरीनं चौकोन आखून घोटाई करायची आणि मग आठ-दहा दिवस पाणी बांधून ठेवायचं. मी त्यांच्या हाताखाली घमेली उचलत शिकलो आणि पुढे दोन मिस्त्री, चार बिगारी नि एक जुनी स्कूटर एवढ्या भांडवलावर गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगचं स्वतःचं काम सुरू केलं.

पहिली काही वर्षं धंदा म्हणजे जूनमधला फोन. "वरच्या मजल्याचं छत गळतंय." आम्ही भेगा भरायचो, केमिकलचे दोन हात मारायचो, पैसे घ्यायचो. जुलैत परत फोन, "तुमचं केमिकल गेलं." केमिकल बिचारं कुठे जाणार? पाणीच जागचं हलत नव्हतं, आणि ते आम्ही बघतच नव्हतो.

डोळे उघडले ते 2005 साली. त्या मे महिन्यात एका सोसायटीत जुना कोबा न फोडता वरूनच नवा घातला. फोडाईचा नि डेब्रिज उचलण्याचा खर्च वाचतोय म्हणून कमिटी खूश, मीही खूश. 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडेही आभाळ फाटलं होतं. गच्चीवरचं पाणी खाली नेणाऱ्या एका पाइपाची सपाट जाळी प्लॅस्टिकच्या पिशवीनं बंद झाली. नव्या कोब्यामुळे जिन्याच्या खोलीचा उंबरा जेमतेम दीड इंच उरला होता. पाणी तो ओलांडून पायरी-पायरीनं खाली उतरलं, थेट तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीपर्यंत. दुसऱ्या दिवशी मी चालत पोचलो. सेक्रेटरी काका एक शब्द बोलले नाहीत, उंबऱ्याकडे बोट दाखवलं आणि खाली निघून गेले. दिवाळीनंतर दोन्ही थर आमच्या खर्चानं फोडले. वर्षाची कमाई त्यात गेली. वडील एवढंच म्हणाले, "पाणी जाणार कुठून, ते आधी बघितलं होतंस का?"

तेव्हापासून गच्चीवर पहिल्यांदा जाते ती बादली आणि उंचसखलपणा मोजायची लेव्हलची नळी. मोजायला सुरुवात पाइपाच्या तोंडापासून. शंभराला एक उतार धरला तर दहा फुटांना सव्वा इंच चढ लागतो. तीस फुटांवरचा कोपरा साडेतीन इंचांहून थोडा जास्तच वर जातो. म्हणजे पाइप जितका दूर तितका कोबा जाड. साडेचार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतं, आणि ते जुन्या स्लॅबच्या डोक्यावर बसतं. म्हणून आम्ही कोबा वाढवण्याऐवजी पाइपांची संख्या वाढवायला सांगतो. ताशी 100 मिलिमीटर पावसाला चार इंची पाइप साधारण चाळीस चौरस मीटर गच्ची सांभाळतो. जुन्या इमारतींत दोन हजार चौरस फुटांना तीन इंची दोनच पाइप असतात, त्यातल्या एकात पिंपळ. एकदा तर मुलांचा रबरी चेंडू निघाला, अगदी मापात बसलेला!

हा खर्च कमिटीला पटवणं हे खरं काम. मीटिंगमध्ये प्रश्न ठरलेला असतो, "केमिकल कुठल्या कंपनीचं वापरता?" पाइपाच्या तोंडाबद्दल कोणी विचारत नाही. मग मी हिशेब मांडतो : हजार चौरस फुटांवर एक इंच पाणी साचलं तर ते सव्वादोन टनांहून जास्त. यावर सहसा शांतता पसरते. पत्र्याची शेड घालून मोकळं होऊ म्हणणारेही असतात. परवानगी असेल तर जरूर घाला, पण पन्हळीचं पाणी शेवटी त्याच पाइपाकडे येणार.

सपाट जाळ्या आम्ही आता लावतच नाही. घुमटाची जाळी लावतो, पाला कडेला अडकला तरी वरून पाणी जातं. डिश अँटेनाचे बोल्ट कोब्यात ठोकू देत नाही. त्यावरून भांडणंही झालीत. आणि उन्हाळ्यात छत गळत असेल तर आधी टाकीचा ओव्हरफ्लो बघतो. निम्म्या वेळा आमचं काम तिथेच संपतं, बिल न करता.

काम झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसानंतर आमचा माणूस खडू घेऊन गच्चीवर जातो आणि जिथे डबकं दिसेल त्याच्याभोवती रेघ मारतो. दोन दिवस ऊन पडूनही रेघेच्या आत पाणी राहिलं, तर तेवढा तुकडा आम्ही काढून पुन्हा घालतो. गेल्या पावसाळ्यात अशा तीन रेघा निघाल्या. दोन दुरुस्त झाल्या. तिसरी सोसायटीच्या कुंड्यांखाली आहे, आणि कुंड्या हलवायला अजून कोणी तयार नाही.