कोठीखातं, श्रावणाची नोंद: पिंप बाद, बाटल्या आत

न उघडलेल्या पिंपात टोके निघाले. वरून लोकवन गहू स्वच्छ दिसत होता. हात कोपरापर्यंत घातल्यावर बोटांना भुकटी लागली आणि मुठीत सोंडवाले किडे आले. पन्नास किलोचा पिंप चाळून, पाखडून, निवडून पुन्हा तोलला तर चार किलोंची तूट. कोठीखात्याचा, म्हणजे वर्षाच्या धान्य-मसाल्यासाठी दर महिन्याला बाजूला काढायच्या पैशांचा, मासिक हप्ता ठरवताना तूट एक टक्का धरलेली आहे. ती आठ टक्के झाली की वर्षाच्या बेगमीचं गणितच फिरतं. म्हणून या वेळी विमा, शाळा, सोसायटी ही खाती बाजूला ठेवून बहुतेक जागा गव्हाला.

आधी पैशांचं. चौघांच्या घराला महिन्याला सव्वाआठ-साडेआठ किलो, म्हणजे वर्षाला १०० किलो गहू लागतो. एप्रिल-मेमध्ये नवा माल येतो तेव्हाचा वहीतला भाव ४० रुपये. तो चढत जाऊन पुढच्या मार्चपर्यंत ४४ होतो असं धरू. बरेच जण इथे १०० गुणिले ४ करून ४०० रुपये वाचले असं लिहितात. पण महिन्याच्या महिन्याला घेणाऱ्याने सगळा गहू काही ४४ने घेतलेला नसतो, त्याला सरासरी ४२ पडतो. खरी बचत २०० रुपये. त्यातून अडकलेल्या पैशांचं व्याज वजा करा. मेमध्ये ४,००० गेले, गहू हळूहळू संपतो, म्हणजे वर्षभर सरासरी २,००० अडकले. सहा टक्क्यांनी १२० रुपये. हातात राहिले ८०, म्हणजे दोन किलो गहू. शंभरात दोन किलोंपेक्षा जास्त तूट आली की वर्षाचा गहू एकदम भरणं तोट्याचं. भाव आपापल्या बाजाराचे घाला, रीत हीच. हा दोन टक्क्यांचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर असायला हवा.

आता तूट का येते ते. टोक्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आणि कोषही दाण्याच्या पोटातच. त्यामुळे गोणी घरात येते तेव्हाच अंडी आत असू शकतात आणि निवडणाऱ्याला ती दिसणं शक्य नाही. मुंबईच्या उकाड्यात महिना-सव्वा महिन्यात नवा किडा बाहेर पडतो. मेअखेर भरलेल्या गव्हात जुलैच्या सुरुवातीला पहिली पिढी, ऑगस्टमध्ये दुसरी. पहिली थोडी असते, नजरेतून सुटते. दुसरी पीठ पाडते, आणि त्या पिठावर मग तांबडे भुंगेरे येतात.

वर दमट हवा. आर्द्रता ७० टक्के असली तरी उघडा गहू १३-१४ टक्के ओलावा धरतो, आणि जून ते सप्टेंबर मुंबईची हवा ८० च्या आसपास असते. साठवणीच्या गव्हात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. १० च्या खाली टोक्यांची वाढ जवळजवळ थांबते. सोलापूर-बीडकडे तसाच गहू तसल्याच पिंपात वर्ष काढतो, कारण तिथली हवा कोरडी. तिकडची रीत जशीच्या तशी दादर-मुलुंडच्या फ्लॅटात आणली की ती इथे टिकत नाही. स्टीलच्या पिंपाचं झाकण घट्ट बसतं, पण ते हवाबंद नसतं, हाही त्यातलाच भाग.

उपायांबद्दल ठाम मत मांडतो. कडुनिंबाचा पाला पूर्ण कडकडीत वाळलेला असेल तर नवी मादी थोडी दूर राहते, इतकंच. आतल्या अंड्याला त्याने काही होत नाही, आणि अर्धवट वाळलेला पाला उलट ओलावा आणतो. एरंडेल अख्ख्या कडधान्यांना उत्तम: मूग, चवळी, हरभरा. त्यांचा भुंगेरा अंडं सालीवर बाहेरून चिकटवतो आणि तेलाच्या थराखाली ते अंडं गुदमरतं. किलोला ५ मिली, हाताने चोळून. गव्हात अंडं आत असल्यामुळे तेच तेल वाया जातं. बोरिक पावडर खाण्याच्या धान्यात नकोच. दळणाआधी गहू कोण धुतं? आणि गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी फुकट दिल्या तरी घरात आणू नका. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो.

उरतात दोन उपाय, आणि दोन्ही खरोखर चालतात: गारठा आणि हवाबंदी.

गारठ्यासाठी दोन-दोन किलोंची जाड पिशवी, आतली हवा दाबून काढलेली. उणे १८ अंशांना चार दिवस पुरतात. सिंगल डोअर फ्रीजचा फ्रीझर बहुधा इतका खाली जात नाही, तिथे पूर्ण आठवडा ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी उघडायची घाई नको. गहू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे रात्रभर, ती बंदच राहू द्या. नाहीतर हवेतलं पाणी थेट गार दाण्यांवर जमतं आणि किड्याऐवजी बुरशी लागते. घरच्या फ्रीझरमध्ये एका वेळी चार पिशव्या, म्हणजे आठवड्याला आठ किलो.

हवाबंदीचं तत्त्व साधं आहे. किडे आणि दाणे श्वास घेतात, आतला प्राणवायू संपतो, किडे मरतात. मोठ्या पिंपात हे घडत नाही, कारण दर दळणाला झाकण उघडतं आणि ताजी हवा आत जाते. जसजसा गहू कमी होतो तसतशी वरची हवेची जागा वाढते. म्हणून डबा लहान हवा, काठोकाठ भरलेला हवा, आणि एकदा उघडला की संपवायचाच असा हवा. पाच लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ३.९ किलोच्या आसपास गहू मावतो, आणि तेवढं चौघांचं दोन आठवड्यांचं दळण. एक बाटली, एक गिरणीची फेरी! या हिशेबाचा आनंद मोठा आहे, कारण पावसाळ्यात पीठ पंधरवड्यापेक्षा जास्त ठेवायचंच नसतं. दोन्ही मापं आपोआप जुळली.

बाटली निवडताना बूच तपासा. रिकामी बाटली बंद करून बादलीतल्या पाण्यात बुडवा आणि जोराने दाबा. बुचाशी बुडबुडे आले तर ती बाद. आट्यांचं बूच हवं, नुसतं दाबून बसणारं नको. धुतलेली बाटली दोन दिवस उन्हात उलटी ठेवून आतून पूर्ण वाळलेली पाहिजे. किराणा दुकानातल्या पातळ पॉलिथिनच्या पिशव्यांवर भरवसा नको, त्यातून हवा बरीच झिरपते. पीईटीच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या कडक प्लास्टिकच्या, बाटलीतून फार थोडी. झिप असलेल्या स्वस्त पिशव्या फ्रीझरपुरत्या ठीक, साठवणीला नाहीत.

ओला गहू हवाबंद केला तर आंबूस वास येतो, म्हणून भरण्याआधी मिठाची परीक्षा. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा गहू, वर तव्यावर तापवून गार केलेलं चमचाभर मीठ. मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. नाही चिकटलं तरी तो १२ वर आला असं समजू नका. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. ऊन मेमध्ये सकाळी अकरा ते तीन. नंतर सावलीत गार करून सूर्यास्ताच्या आत बाटल्यांत. गरम गहू बंद केला की झाकणाखाली पाणी धरतो, आणि संध्याकाळची खारी हवा लागली तर दिवसाची वाळवण फुकट. गच्चीसाठी सोसायटीची परवानगी आधीच घेऊन ठेवावी. मेमध्ये सगळ्यांनाच पापड-कुरडया घालायच्या असतात.

फ्रीझरची जागा अपुरी, त्यावर मार्ग असा. मे, जून, जुलैच्या बाटल्या गोठवायच्याच नाहीत, दुसरी पिढी निघायच्या आत त्या संपतात. ऑगस्टनंतरच्या तेवढ्या गोठवायच्या. बाटलीवर महिन्याचं नाव लिहिलं की काम संपलं. साठ किलो भरले तर पंचवीस तसेच, पस्तीस फ्रीझरमधून, चार-साडेचार आठवड्यांत सगळं उरकतं. पहिला किडा बाहेर पडायला लागतो साधारण तेवढाच वेळ, त्यामुळे ऑगस्टची बाटली सर्वांत आधी फ्रीझरला लावू नका. नोव्हेंबरची लावा, उलट क्रमाने या.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की वर मी शंभराऐवजी साठ किलो लिहिलं. सुरुवातीला बेत होता पंचवीस बाटल्या आणि शंभर किलोच, फक्त पद्धत बदलून. पण कोठीखात्याचे रकाने समोर ठेवल्यावर निराळाच प्रश्न उभा राहिला: सगळं भरण मेमध्येच का? तांदळाचा नवा माल येतो नोव्हेंबर-डिसेंबरात. वाड्याचा कोलम घ्यायचा तर जानेवारी बरा, आणि तांदूळ जुना होईल तसा मोकळा शिजतो, म्हणजे साठवणीचा फायदा नुसत्या भावापुरता नाही. नवी तूर हिवाळ्यात निघते, डाळ मार्चमध्ये घ्यावी. मिरचीही फेब्रुवारी ते एप्रिल. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, लालबागच्या मिर्ची गल्लीत घेऊन तिथेच कांडपावर कुटून आणायची. तयार मसाल्यापेक्षा हे स्वस्त पडतं असं नेहमी नाही, पण मिरची डोळ्यांसमोर निवडता येते आणि देठ काढलेली-न काढलेली यातला वजनाचा फरक आपल्या हिशेबात राहतो. मेमध्ये उरतो गहू, आमसूल आणि चिंच.

म्हणून आता एकाऐवजी चार भरणं. नोव्हेंबरात ४० किलो गहू, भाव ४२ धरून १,६८० रुपये. जानेवारीत ६० किलो तांदूळ ६५ने, ३,९००. मार्चमध्ये २४ किलो डाळ १२५ने ३,००० आणि मिरची-मसाला ३,६००, मिळून ६,६००. मेमध्ये ६० किलो गहू २,४०० आणि आमसूल-चिंच वगैरे १,५००, मिळून ३,९००. एकूण १६,०८०. बारावा हिस्सा १,३४०. जूनपासून खात्यात टाकत गेलं की नोव्हेंबरच्या खरेदीनंतर ६,३६० उरतात, जानेवारीनंतर ५,१४०, मार्चनंतर १,२२०, आणि मेच्या खरेदीला खातं बरोबर शून्यावर येतं. मध्ये उसनवारी कुठेच नाही. जुन्या पद्धतीत मेपर्यंत १६,००० साठवावे लागत. आता खात्यात सर्वांत जास्त रक्कम जानेवारीच्या खरेदीआधी, ९,०४०. नोव्हेंबरच्या गव्हाला ८० रुपये जास्त गेले, हीच काय ती किंमत, आणि त्या बदल्यात चाळीस किलो गहू पावसाळ्यातून वाचला. नोव्हेंबर ते एप्रिल बाटल्या पुरेत, फ्रीझर लागत नाही.

तिमाहीचा विचार डोक्यात आल्यावर लोकलच्या पासाचा रकानाही तपासला. तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट. तिन्हींत सूट नेमकी दहा टक्के! वर्षाचा काढून जास्त काही मिळत नाही, फक्त पैसे आधी जातात आणि नोकरीचं ठिकाण बदललं तर अडचण. प्रवासखातं आजपासून तिमाही. विम्याचा हप्ता मात्र वार्षिकच ठेवा, तिथे वर्षाचा भरला तर बहुतेक पॉलिसींत थोडी सूट असते.

विजेच्या खात्यात एक छोटी भर. ७५ वॅटचा जुना पंखा जाऊन ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा लागला की रोज १५ तासांना महिन्याला साधारण २० युनिट कमी. हे युनिट सर्वांत वरच्या टप्प्यातून कापले जातात, म्हणून पंख्याची किंमत कधी वसूल होते ते मोजताना बिलाची सरासरी धरू नका, तुमचं बिल १०१ ते ३०० मध्ये संपतं की ३०१ ते ५०० मध्ये, तो दर धरा. ३०० ओलांडले तर सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो हा समज चुकीचा आहे, फक्त वरच्या युनिटांना लागतो. आधी हॉलचा पंखा बदलावा, तो सर्वांत जास्त फिरतो.

घरघंटी, म्हणजे घरची पिठाची चक्की, घ्यावी का, अशी पुन्हा विचारणा आली होती. दळण किलोला आठ रुपये धरलं तरी शंभर किलोंचे वर्षाला आठशे. पंधरा हजारांची चक्की एवढ्यावर वसूल होत नाही, त्यात वीज वेगळी. गिरणीवाल्याला पावसाळ्यात एवढंच सांगावं की आपला गहू ज्वारीनंतर किंवा डाळीच्या पिठानंतर लावू नको.

पिंपातला उरलेला ४६ किलो आता असा चालला आहे: आठ-आठ किलो आठवड्याला फ्रीझरमध्ये, बाहेर आला की बाटलीत. दमट दिवसांत बाटल्या भरायच्या तर पिशवीतून थेट, परातीत पसरायचं नाही. पुढच्या नोंदीत यातल्या किती बाटल्या नोव्हेंबरपर्यंत स्वच्छ राहिल्या ते वजनासह, आणि वहीतलं कांद्याच्या हिशेबाचं पान: उन्हाळ कांदा पोत्यात ठेवण्याऐवजी जाळीच्या टोपलीत एका थरात ठेवला तर ऑगस्टपर्यंत सडीचं प्रमाण किती खाली येतं, त्याची मोजणी सध्या चालू आहे.