तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाला पोहायला कसं शिकवायचं?

"बाळ सहा महिन्यांचं झालं, आता पोहायला शिकवू का? बाळांना म्हणे जन्मतःच पोहता येतं." हा प्रश्न या ना त्या रूपात सतत येतो. आधी त्यातल्या दुसऱ्या वाक्याचा निकाल लावू, कारण तोच समज घेऊन पाण्यात उतरलं की पुढचं सगळं चुकत जातं.

बाळांना पोहता येत नाही. साधारण सहा महिन्यांपर्यंतचं बाळ पाण्यात पालथं धरलं तर हातपाय मारतं, तोंडावर पाणी आलं की त्याचा श्वास क्षणभर रोखला जातो, हे खरं. पण या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत. श्वासासाठी तोंड वर काढायचं असतं हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असतं तरी शरीराच्या मानाने डोकं इतकं जड की ते उचललं जात नाही. शिवाय श्वास रोखला गेला तरी पाणी गिळलं जायचं ते जातंच. एवढ्याशा शरीरात जास्त पाणी गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं. बाळ मलूल होतं, उलट्या करतं, झटकेही येऊ शकतात. त्यामुळे बाळाला पाण्यात सोडून 'बघा कसं पोहतंय' म्हणायचे प्रकार करू नका. जबरदस्तीची बुडी तर नकोच.

मग शिकवायचं काय? तोंडावर पाणी आलं तरी बिचकायचं नाही, ठरलेल्या शब्दांवर श्वास रोखायचा, उताणं तरंगायचं, आणि वर्षानंतर वळून कठडा धरायचा. बस, एवढंच. हात मारत नीट पोहणं बहुतेकांना चौथ्या वर्षाच्या आगेमागे जमायला लागतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते पोहण्याचे धडे वर्षापासून पुढे सुरू करता येतात. वर्षाच्या आतल्या धड्यांमुळे बुडण्याचा धोका कमी होतो असा पुरावा नाही. म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाला जरूर पाण्यात न्या, पण ते डुंबणं आहे असं समजून न्या. त्या वयात खरं शिकायचं असतं ते आईबाबांनी: बाळाला धरायचं कसं.

सुरुवात घरच्या टबात होते. बाळ बसायला लागलं असेल तर एका हाताने आधार देऊन बसवा. अर्धा मग कोमट पाणी घ्या, बाळाचं नाव घ्या, "एक, दोन, तीन" म्हणा आणि तीनवर डोक्याच्या मागच्या बाजूने पाणी ओता, असं की ते कपाळावरून चेहऱ्यावर पातळ पडद्यासारखं सेकंदभर उतरेल. रोज तेच शब्द, त्याच लयीत. काही दिवसांनी पाणी पडायच्या आधीच, 'तीन' ऐकताच, बाळ डोळे मिटतं आणि ओठ घट्ट आवळतं. सूचना कळली ती इथे. ओतल्यावर लगेच टॉवेलने तोंड पुसायचा मोह आवरा. पुसत राहिलात तर पाणी लागलं की डोळे चोळायचे हेच बाळ शिकतं, आणि पुढे हात कठडा धरायला मोकळे राहत नाहीत. ठसका लागत असेल तर बहुधा तुमची लय चुकतेय: कधी 'दोन'वर, कधी 'तीन'नंतर थांबून ओतलं जातंय. रडत असताना तर मुळीच ओतू नका. रडणारं बाळ दोन हुंदक्यांच्या मध्ये जोराने श्वास आत ओढतं, आणि त्यासोबत पाणीही.

तलावाचं पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, त्याहून मोठ्या बाळांसाठी ३० चालतं. थर्मामीटर लावा, आपल्या हाताला कोमट लागलं हे माप नव्हे. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा पुष्कळ, त्यामुळे ते झपाट्याने गार पडतं, आणि तान्ही बाळं फारशी कुडकुडतही नाहीत. ओठ निळसर, अंगावर जाळीसारखे डाग, किंवा मघाशी खिदळणारं बाळ अचानक गप्प: यातलं काहीही दिसलं की बाहेर. पहिल्या खेपेला दहा मिनिटं, पुढे वीस, आणि कितीही मजा चालली असली तरी तीसच्या वर नाही.

पाण्यात धरताना दोन्ही हात काखेत, अंगठे पुढे, चेहरा तुमच्याकडे. आता गुडघे वाकवून इतके खाली या की तुमचे डोळे बाळाच्या डोळ्यांच्या पातळीला येतील आणि त्याचे खांदे पाण्यात राहतील. बहुतेक जण ताठ उभे राहतात आणि बाळाला छातीपर्यंत बाहेर उचलून धरतात. मग त्याला गारठा लागतो आणि तुमचे दंड भरून येतात.

उताणं तरंगायला शिकवताना बाळाचं डोकं तुमच्या खांद्यावर, गालाला गाल, दोघांची नजर वर, तुमचा खांदा पाण्याच्या पातळीला आणि एक तळवा त्याच्या पाठीखाली. कान पाण्यात गेले की आवाज बदलतो आणि बाळ दचकतं, म्हणून हेही आधी टबात करून बघा. सवय झाली की डोकं खांद्यावरून तळव्यावर घ्या. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पायांच्या बाजूने वाकून बाळाकडे बघणं. तुम्हाला शोधायला ते हनुवटी छातीला लावतं, की कंबर बुडाली. तुमचा चेहरा त्याच्या कपाळाच्या वर ठेवा. ते मान मागे टाकेल आणि पोट आपोआप वर येईल. साताठ महिन्यांची कित्येक बाळं उताणं पडायलाच तयार नसतात. ओढाताण करू नका, महिनाभराने पुन्हा बघा.

दंडाला लावायच्या फुग्यांनी बाळ पाण्यात उभं लटकतं. तरंगायला अंग आडवं लागतं, म्हणजे शिकवायचं त्याच्या नेमकी उलटी सवय. गळ्यातली फुगवायची रिंग तर घरातही आणू नका. २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) तिच्याबद्दल इशारा दिला आहे. हवा सुटली किंवा हनुवटी आत सरकली की संपलं. बुडणारं मूल ओरडत नाही, त्यामुळे फुगे असोत वा नसोत, हाताच्या अंतरावर तुम्ही हवेत.

साधा डायपर पाणी पिऊन दगडासारखा जड होतो. पोहण्याचा वेगळा मिळतो, तो मांड्यांशी घट्ट हवा. तो शी अडवतो, शू अडवत नाही. बाळाला जुलाब होत असतील तर पाण्यात नेऊ नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभराहून जास्त जगतो, म्हणून त्याची लागण झाली असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबा.

दूध पाजून अर्धा-पाऊण तास झाल्यावर उतरा. कोरडा टॉवेल कठड्यावर हाताशी ठेवा, बाहेर आल्यावर आधी डोकं पुसा. आणि पुढचं दूध तयार असू द्या. पाण्यातून आलेलं बाळ कपडे घालेपर्यंतही दम धरत नाही.